कळल्याचं पाणी

काठी सकाळीच धुऊन, तेल लावून तयार होती. माझ्या सुनेने, उज्ज्वलाने, टोकाला नवं पिवळं फडकं बांधलं आणि बिरोबासमोर लिंबाखाली दोन दगडांवर ती आडवी ठेवली. आमच्या घराण्यात जत्रेची काठी थोरला पुरुष उचलतो. मागच्या वर्षी आमच्या मालकांनी उचलली. दिवाळीच्या तोंडावर ते गेले, आणि थोरलेपण त्यांच्या पाठच्या भावाकडे आलं, गहिनीनाथ भाऊजींकडे. यात विचारण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी कुणाला विचारलं नाही.

भाऊजी धोतर नेसून आले होते. सारी उमर नेव्हीत पाटलोण घातलेला माणूस, धोतर काही कमरेवर ठरेना, म्हणून वरून नेव्हीचा पट्टा आवळला होता. पोरी तोंडावर पदर धरून हसत होत्या. हसा म्हणलं. मेंढक्याचा पोरगा पाणबुडीवर साहेब झाला, कमांडर होऊन घरी आला, असा दुसरा आणून दाखवा, मग आणखी हसा.

भाऊजी वाकले. बोटं काठीला लागणार तेवढ्यात बजरंग म्हणाला, "काका, जरा थांबा. भावकीचं बोलणं हाय."

बजरंग म्हणजे माझे चुलत दीर हनुमान, त्यांचा थोरला. उसाची ट्रॅक्टरं चालवतो, मांजरसुंब्यापासून केजपर्यंत सगळ्या ढाब्यांवर त्याला नावानं ओळखतात, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं आहे. जत्रेचा ढोल त्याच्याकडे असतो. आपल्या गळ्यात ढोल आणि बापाच्या हातात काठी, असा फोटो त्याला पाहिजे होता. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. पण फोटो काढणारा त्यानं केजवरून आणून उभा केला होता, तो काय मेंढरांचे फोटो काढायला आला नव्हता.

बजरंगचं म्हणणं असं की ज्यानं बापाचं सुतक धरलं नाही, केस दिले नाहीत, दहाव्याला उभा राहिला नाही, त्यानं काठीला हात लावायचा नसतो. ही आपल्याच घरची रीत, मी नवी काढली नाही, म्हणाला. इकाहत्तर साली काकांना तार केली होती. म्हातारा जाऊन महिना उलटला तरी काका आले नाहीत. आले तेव्हा दाढी वाढवून आले. बजरंगचे आजोबा, आप्पा, म्हणजे माझे चुलत सासरे, तेव्हा भावकीसमोर बोलले होते, की हा पोरगा घराचा राहिला नाही.

"आणखी बी काय म्हणायचे आप्पा, ते मी सांगत न्हाई," बजरंग म्हणाला.

"सांग की," मी म्हणलं. "अर्धी भाकर वाढायची सवय तुज्या आजोबालाच व्हती."

मग त्यानं सांगितलं. आप्पा म्हणायचे, लढाईत लोकांची पोरं छातीवर गोळ्या खात होती आणि आमचा पाण्याखाली दडून बसला होता.

लिंबाखाली कुणी हसलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. आणि अडवायला पाहिजे होतं, कारण काठी ही नुसती काठी नाही. ज्याच्या पाळीला भावकी नाही म्हणते, त्याचं नाव भंडारा उधळताना घेत नाहीत. मेल्यावर माळावर बापाच्या ओळीत त्याचा दगड बसत नाही. तो ह्या घरात जन्मलाच नव्हता असं धरून चालतात. भाऊजींची बायको विशाखापट्टणमलाच वारली. मूलबाळ नाही. दोन वर्षांखाली सगळं आवरून ते इथं आले ते माळावरच्या त्या ओळीसाठी, हे मला ठाऊक होतं आणि बजरंगलाही ठाऊक होतं.

माझा पोटचा पोरगा भागवत तिथंच उभा होता. मोबाइलात तोंड घालून. केजला त्याचं खताचं दुकान आहे, आणि दुकानात पाय ठेवणारं निम्मं गिऱ्हाईक बजरंगचं. मी त्याला जन्म दिलाय, त्याच्या कपाळावरच्या शिरा मला वाचता येतात. चुलता आज आहे, उद्या नाही. बजरंग मात्र जन्मभर बांधाला बांध लावून राहणार. एवढा विचार त्यानं केला आणि पुन्हा मोबाइलावर बोट फिरवलं. मोबाइल बंद होता, हेही मला दिसलं.

भाऊजींनी काठीकडं नेलेला हात मागं घेतला. "तुमचं ठरू द्या," म्हणाले, आणि जाऊन हौदाच्या कट्ट्यावर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मला त्यांचा राग आला. हुकूम पाळून पाळून माणसाचा कणा ताठ होतो पण जीभ आत जाते.

चुली पलीकडे बांधाला होत्या. मी तिकडं गेले, भाकरी थापायला घेतली आणि प्रत्येक भाकरीबरोबर बजरंगच्या एकेका पिढीचं नाव घेतलं. उज्ज्वला शेजारी कालवणात पळी फिरवत होती. तिची गोम अशी की बजरंगची बायको तिची सख्खी बहीण. बहिणीनंच तिला ह्या घरात आणलं. सकाळपासून ती दोन्ही चुलींकडे सारखंच हसत होती. आत्याबाई, जाऊ द्या, म्हणत होती, एका वर्षाचा प्रश्न आहे, मामंजींनाच उचलवणार नाही एवढी जड काठी.

"उचलवंल का न्हाई ते उचलल्यावर कळंल," मी म्हणलं. "तू च्या नेऊन दे त्यांना."

ती चहा घेऊन गेली. आता पुढचं तिनं मला सांगितलं तसं सांगते, आणि जिथं तिनं राखून सांगितलं तिथं भाऊजींना मी मागून खोदून विचारलंय.

उज्ज्वलाला बजरंगचं बोलणं खरंच वाटत होतं. बहिणीच्या तोंडून तिनं तेच ऐकलं होतं. पण हौदाच्या कट्ट्यावरचा म्हातारा चहाचा कप दोन्ही हातांत धरून पाण्याकडे असा बघत होता की तिला गप्प बसवेना. तिनं सरळ विचारलं, "मामंजी, खरं सांगा. बाप गेला तरी तुमी कावून आला न्हाई?"

इतक्या वर्षांत असं सरळ त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं.

भाऊजी म्हणाले, पोरी, तेव्हा मी समुद्राच्या पोटात होतो.

पाणबुडी म्हणजे लोखंडाचं लांब नळकांडं. दिवसभर खोल राहायचं. अंधार पडला की नुसतं नाक वर काढायचं, इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, परत खाली. गोडं पाणी पिण्यापुरतं आणि भातापुरतं. आंघोळ नाही, दाढी नाही. अंगाला, पांघरुणाला, भाताला डिझेलचा वास. झोपायचं टॉर्पेडोच्या शेजारी. एक उठला की त्याच्या गरम जागेवर दुसरा आडवा व्हायचा. लढाईला तोंड लागायच्या आधीच ते शत्रूच्या बंदरासमोर जाऊन बसले होते. वरून त्यांची जहाजं फिरायची. त्यांच्या पंख्यांचा आवाज पाण्यातून, लोखंडातून दाढांपर्यंत यायचा. खाली चमचा पडला तरी वर ऐकू जाईल, म्हणून पायात मोजे घालून चालायचं आणि ओठांनी बोलायचं.

एकदा वरच्यांना संशय आला. त्यांनी पाण्यात बाँब सोडले. दिवे गेले, डोक्यावरची नळी फुटून पाण्याची धार लागली. भाऊजी पुढच्या कोठीत होते, टॉर्पेडोंपाशी, तिथल्या माणसांचे साहेब. एक खलाशी घाबरून ओरडणार होता. भाऊजींनी त्याचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्याच हाताला धरून झडप फिरवली. पंख्याचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं तसेच बसून होते, गळ्याएवढ्या भीतीत. वर आल्यावर खलाशाच्या गालावर भाऊजींची बोटं उमटलेली होती.

"आणि एक दिवस शिरा केला व्हता," भाऊजी उज्ज्वलाला म्हणाले. नेव्हीची भाषा जाऊन त्यांच्या तोंडात आपली भाषा आली. "रवा संपत आलता. स्वयंपाक्यानं म्हणलं, सगळ्यानला एकदा गोड खाऊ घालतो. मी दोनदा मागून घेतला. कुणीतरी काहीतरी बोललं, आणि मी तोंड दाबून इतका हसलो, इतका हसलो. मागून दिवस जुळवले तर तो माज्या बापाचा दहावा निघाला."

उज्ज्वलाला कळेना. "म्हंजे तुमाला तार मिळालीच न्हवती?"

"मिळालती. कप्तानाला. वायरलेसवर निरोप आला, त्यांनी खिशात घातला." भाऊजींनी कप खाली ठेवला. पाणबुडीवरची रीतच तशी, म्हणाले. लढाईवर असताना घरची वाईट बातमी माणसाला सांगत नाहीत. ज्याचं मन घरी गेलं त्याचा हात चुकतो, आणि एकाचा हात चुकला की सगळ्यांची कबर होते. कप्तान रोज त्यांच्यासमोर बसून जेवला आणि रोज गप्प राहिला. बोट माघारी आली, धक्का दिसायला लागला, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

"मग?"

"मग दोर फेकून घ्यायचं काम माजंच व्हतं. दोर फेकला."

तिथून महिन्यानं सुट्टी मिळाली. रेल्वेनं परळी, परळीहून एसटीनं केज, केजहून चालत. कुठं होतो, काय केलं, हे बोलायची मनाई होती. आणि बोलले असते तरी, भाऊजी म्हणाले, आप्पा विचारत नव्हते. आप्पा सांगत होते.

उज्ज्वला परत चुलीपाशी आली ती हसत आली नाही. बसली आणि मला सगळं सांगायला लागली. ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी जळून काळी झाली. साठ वर्षांत मी भाकरी जाळली नाही.

आमची जात मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की पुरुष कळप घेऊन खाली गोदाकाठाला उतरायचे, पावसाच्या तोंडाला माघारी यायचे. मधल्या काळात घरात कुणी मेलं तर तळावर निरोप धाडत नसत. रडणाऱ्या मेंढक्याचं ध्यान जातं आणि लांडगा कळपात शिरतो. म्हणून तो माघारी येईपर्यंत सगळं गाव तोंड शिवून राहायचं. तो यायचा, मेंढरं कोंडायचा. मग घरातली थोरली बाई त्याला मेलेल्या माणसाच्या घोंगडीवर बसवायची, भरली कळशी घेऊन समोर उभी राहायची आणि कोण गेलं ते सांगायची. तो एकच विचारायचा, कधी. ती सांगायची आणि कळशी त्याच्या डोक्यावर रिती करायची. त्याला आम्ही कळल्याचं पाणी म्हणतो. सुतक तिथंच लागतं, तिथंच फिटतं. केस मागत नाहीत, दहावा मागत नाहीत. माझ्या सासऱ्यांना त्यांची आई गेल्याचं असंच कळलं होतं, तिच्या राखेवर गवत उगवल्यावर. आणि पुढच्याच जत्रेला त्यांनी हीच काठी उचलली. तेव्हा आप्पांनी ढोल वाजवला होता.

भाऊजी आले तेव्हा माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, कळशी घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. आप्पांनी त्यांच्या हातातून कळशी घेतली. म्हणाले, हा काय मेंढरं घेऊन गेलता का. सासूबाई आत गेल्या. विधवा बाईचा शब्द त्या काळी चालायचा नाही.

मी पण आता विधवाच आहे. बघू म्हणलं.

तेवढ्यात भागवत चुलीपाशी आला, समेट घेऊन. माझ्या डोळ्याला डोळा न देता बोलला. भावकीनं मार्ग काढलाय. काकांनी आज केस द्यायचे, भावकीला एक बोकड घालायचं, म्हणजे मागचं मिटलं. ह्या वर्षी हनुमानकाका काठी उचलतील, पुढच्या वर्षी बघू.

"भाऊजी काय म्हणले?"

"हो म्हणले. न्हाव्याला बोलवा म्हणले."

मी उठले. पिठाचे हात तसेच. उज्ज्वलाला म्हणलं, हौदावरून कळशी भरून आण. ती उठली. तिची बहीण पलीकडून तिला डोळ्यांनी दाबत होती. उज्ज्वलानं बहिणीकडे बघितलं, पदर खोचला आणि कळशी उचलली. त्या घटकेला उज्ज्वलाची आणि माझी वीस वर्षांची धुसफूस संपली. तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.

लिंबाखाली भावकी घोंगडीवर बसली होती. काळी, कडेला पांढरा पट्टा, माझ्या सासऱ्यांची घोंगडी. दर जत्रेला ती देवापुढं अंथरतो. बजरंग मधोमध मांडी घालून, ढोल मांडीवर.

"उठा," मी म्हणलं. "ज्याच्या घोंगडीवर बसून त्याच्या पोराला शिक्षा सांगता, त्याची तरी लाज धरा."

कुणी उठेना. मी पिठाचा हात बजरंगच्या खांद्यावर ठेवला. त्याचा सदरा पांढरा, कडक इस्त्रीचा, आणि माझ्या हाताला बाजरीचं ओलं, काळपट पीठ. तो पटकन बाजूला झाला, तसे बाकीचेही सरकले.

मी सगळ्यांना सांगितलं. पाणबुडीचं, कप्तानाचं, खिशातल्या निरोपाचं. भाऊजी मला थांबवत होते, वैनी राहू द्या, म्हणत होते. मी म्हणलं, तुमची बोलायची मनाई सरकारनं घातली असंल, मला कुणी घातलेली न्हाई. मग मी भावकीला विचारलं, आपल्या तळावरची रीत कोण विसरलं. मेंढरं विकून ट्रॅक्टर घेतले तेव्हा रीतही विकली का.

बजरंग गडी हुशार. लगेच म्हणाला, "मोठीआई, ती रीत कळपासाठी हाय. काकाच्या समुद्रात काय मेंढरं व्हती का?"

चारदोन जण हसले. भाऊजी कट्ट्यावरून उठून आले होते. इतका वेळ ते बजरंगला उलटून बोलले नव्हते. आता बोलले, आणि आवाज चढवला नाही.

"मेंढरं न्हवती, बजरंग. माणसं व्हती, बोट भरून. सगळी जितीजागती माघारी आणली."

बजरंगनं बापाकडे बघितलं. आता बापानं बोलायचं होतं, कारण काठी त्याच्याच हातात जायची होती.

हनुमान भाऊजी गरीब माणूस. पोराच्या पुढं कधी बोललेला नाही. नव्या फेट्यात तो सकाळपासून अवघडून बसला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला नक्की ठाऊक होतं, कारण ते माझ्या हातानं झालं होतं. ऐन उमेदीत तो कळप घेऊन गोदेला गेलता. मागं त्याची आई, कौशल्याबाई, तापानं गेली. तो आला, मेंढरं कोंडली. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून कळशी माझ्या हातात आली. घोंगडीवर बसलेला हनुमान वर माझ्याकडे बघत होता, आणि माझं तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं.

त्यानं फेटा काढला आणि मांडीवर ठेवला.

"माज्या आईचं पाणी वैनीनं वतलं व्हतं," हनुमान म्हणाला. "मी केस दिले न्हाईत. दहावा मला म्हाईत न्हाई. मला कुणी इचारलं न्हाई. आज मी काठी उचलली तर माजं बी पाणी खोटं व्हतं."

"आबा, तुमी गप बसा," बजरंग म्हणाला.

"बसतो की. सांगून झालं माजं." आणि तो घोंगडीवरून उठून कडेला गेला, अनवाणी.

आता घोंगडी रिकामी होती. उज्ज्वला कळशी घेऊन माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी भाऊजींना म्हणलं, बसा. ते म्हणाले, वैनी, पन्नास वर्षं झाली, मला सगळं माहीत आहे.

"तुमाला कप्तानानं सांगितलं," मी म्हणलं. "घरानं अजून सांगितलेलं न्हाई. बसा."

ते बसले. धोतर, नेव्हीचा पट्टा, पांढरी दाढी. मांडी घालताना गुडघा वाजला. मी कळशी उचलली. जड होती, पण उज्ज्वला पुढं झाली तर मी कोपरानं मागं सारलं.

"गहिनीनाथ," मी म्हणलं. दिराचं नाव मी जन्मात पहिल्यांदा घेतलं. तिथं नाव घ्यावंच लागतं. "तुमचा बाप गेला."

मला वाटलं, माहीत असलेली गोष्ट, माणूस मान हलवेल. पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू आत्ताच एसटीतून उतरून चालत आलेला पंचविशीतला पोरगा माझ्यासमोर बसलाय. ओठ हलले.

"कधी?"

"थंडीत. तुमी कामावर व्हता तवा. जाताना म्हणले, पोरानं कळप टाकून येऊ नये."

सासरे हे खरंच म्हणाले होते. मी उशाशी होते. आप्पा बाहेर बिडी ओढत होता, म्हणून त्याला ऐकू गेलं नाही आणि मागून मी सांगितलेलं त्यानं ऐकलं नाही.

मी कळशी रिती केली. पाणी टाळूवरून दाढीत, दाढीतून छातीवर, घोंगडीत मुरत गेलं. भाऊजी रडले. आवाज करून रडले, तोंडावर हात न ठेवता. लिंबाखाली कुणी हाललं नाही. मेंढरं तेवढी खाकरत होती.

रडून झालं तेव्हा ते उठले. ओल्या अंगानं काठीपाशी गेले आणि वाकले. काठी जड असते, तरण्या माणसालाही पेलत नाही. अर्ध्यावर येऊन ती डुलायला लागली. तेव्हा भागवतनं मोबाइल खिशात घातला. पुढं होऊन त्यानं खालच्या टोकाला हात दिला. वरचा हात चुलत्याचाच राहू दिला. पिवळं फडकं लिंबाच्या वर गेलं.

बजरंग तसाच उभा होता, ढोल गळ्यात. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर माझी पाची बोटं उमटली होती. फोटोवाला त्याच्याकडे बघत होता, काढू का नको. मी फोटोवाल्याला म्हणलं, काढ. मग बजरंगकडे वळले.

"गळ्यात अडकवलायस तर वाजीव."

त्यानं एकदा आपल्या बापाकडे बघितलं. काठीमागं उभा राहून हनुमान भंडाऱ्याची मूठ उघडत होता, आणि उधळताना गहिनीनाथाचं नाव घेत होता, मोठ्यानं, पोराच्या पुढं.

बजरंगनं ढोल वाजवला.